झोक्याच्या फांदीवरची छागल

छागल सापडली ती सरकीच्या ढेपेच्या रिकाम्या पोत्यांखाली. असोद्याच्या आमच्या घरामागे खळं आहे, खळ्याच्या टोकाला पत्र्याची कोठी, आणि त्या कोठीत आमच्या घराण्यानं 'कधीतरी लागेल' म्हणून जपून ठेवलेलं सगळं. आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेसाठी, मी आणि माझी नात ऋता पुण्याहून आलो होतो. झोका बांधायला दोर शोधते म्हणून ऋता कोठीत शिरली आणि दोराऐवजी एक मातकट, वाळून कडक झालेली जाड कापडाची पिशवी घेऊन बाहेर आली. वर लाकडी बूच होतं, कडेला टांगायची दोरी होती.

"आजी, ही कसली बॅग?"

मी ती हातात घेतली आणि सरळ नाकाला लावली. धूळ होती, उंदरांची घाण होती, आणि जरा थांबल्यावर या सगळ्याच्या खाली ओल्या कापडाचा तो गार वास होता. मला तरी आला. ऋताला नाही आला.

"ही छागल. फ्रीज नव्हता तेव्हाचा आमचा फ्रीज. पाणी भरून गाडीच्या तोंडाशी टांगायची. वारा लागला की पाणी गार."

"कुठल्या गाडीच्या?"

तिच्या दुसऱ्या हातात फोन होता आणि फोनवर आठवडाभर ताडोबा चालू होतं. कुठलं गेट, कुठली जिप्सी, सकाळची फेरी की दुपारची. ती आणि तिची मैत्रीण आखाजीनंतर इथूनच निघणार होत्या. मी आठवडाभर ऐकत होते आणि गप्प होते, जे माझ्या स्वभावात नाही. छागल हातात आल्यावर मात्र मी म्हटलं, "मीपण येणार आहे. आणि ड्रायव्हर घ्यायचा नाही. गाडी तू चालवायची."

ऋता हसली. "बाबा नाही म्हणतील."

"त्याला विचारतंय कोण?" मी म्हटलं, आणि छागल धुवायला हौदावर घेऊन गेले.

पाणी पडताच ती आधी गळू लागली. तेव्हाही अशीच गळायची. नवी छागल आणली की पहिले काही दिवस तिला नुसतं भिजवत ठेवावं लागतं. धागे फुगतात, विणीतली भोकं बुजतात आणि मग ती पाणी धरते. माझी माय ती भरून अंगणातल्या कडुलिंबाला टांगायची. त्याच फांदीला आखाजीचा झोका असायचा. झोका हलला की छागल हलायची आणि खाली उभ्या असलेल्या पोरींच्या डोक्यावर गार थेंब पडायचे. वैशाखात तो थेंब मानेवर पडला की अंग शहारायचं, नि पुन्हा तिथेच जाऊन उभं राहावंसं वाटायचं.

ती छागल भाऊंनी जळगावहून आणली होती. भाऊ म्हणजे माझे वडील. सगळं गाव त्यांना भाऊ म्हणायचं, म्हणून आम्हीही. स्वराज्य येऊन दहाएक वर्षं झाली होती आणि भाऊंनी एक जीप घेतली होती, लढाईत वापरून मग लष्करानं विकायला काढलेली. डिस्पोजलची जीप म्हणायचे तिला. स्टेअरिंग डाव्या हाताला, वर ताडपत्रीचं छप्पर, आणि चावी नाहीच. नुसता एक खटका फिरवायचा आणि पायानं बटण दाबायचं. थंडीत तेवढ्यानंही भागायचं नाही; मग पुढून हँडल मारायचं. तिच्यातून केळीचे कंद जायचे, ढेपेची पोती जायची, बाळंतिणी जायच्या, आणि गणपतीही जायचा. पेट्रोल, ढेप आणि केळीचा चीक या तिन्हींचा मिळून तिला एक वास होता. चिकाचे काळे डाग तिच्या गादीवर होते आणि आमच्या सगळ्यांच्या कपड्यांवर. केळीवाल्यांच्या घरातलं माणूस डागावरून ओळखू येतं, त्याला नाव विचारावं लागत नाही.

ताडोबाचं बीज पडलं ते दिवाळीत. मायचा भाऊ, म्हणजे माझा मामा, चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, जंगल खात्यात कारकून होता. तो आला होता आणि जेवताना सांगत होता. ताडोब्याला आता सरकारनं राष्ट्रीय उद्यान केलंय, शिकार बंद झालीय. ऐन वैशाखात बाकीचं पाणी आटलं की तळ्यावर वाघ येतो, गाडीत गुपचूप बसलं तर बसल्या जागी दिसतो. पुरुष ऐकत होते आणि वाढता वाढता बायकाही. आत्याच्या हातात आमटीचं भांडं होतं, आणि ते आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, ताटावर तसंच थांबलं होतं.

आत्या म्हणजे भाऊंची पाठची बहीण. तिचं सासर नरडाण्याच्या पुढे, तिकडच्या एका खेड्यात. चौदाव्या वर्षी गेलेली. तिच्या तोंडात दोन बोली होत्या. इथे असली की आमच्यासारखं 'हाये' म्हणायची, तिकडच्या गाडीत पाय ठेवला की 'शे'. वर्षातून दोनदा यायची, दिवाळीला आणि आखाजीला. दिवाळीला मोजकी, आखाजीला पोटभर. आखाजी आमच्याकडे लेकींचा सण. लेकीनं कामाला हात लावायचा नाही, झोके घ्यायचे, गाणी म्हणायची, कैऱ्या खायच्या, आणि पौर्णिमेच्या आत सासरची वाट धरायची.

भाऊबीजेला आत्यानं भाऊंना ओवाळलं. भाऊंनी ताटात लुगडं ठेवलं. तिनं ते उचलून बाजूला ठेवलं.

"लुगडं नको, भाऊ. मले वाघ दाखव."

"वाघ काय पाह्याचा? आपल्या पाटलाले पाह्य, तेवढाच गुरकावतो." सगळे हसले.

आत्या हसली नाही. "म्या जन्मात दोनच रस्ते पाह्यले. एक सासरी जायाचा, एक माहेरी येयाचा. अन् तो बी एकच रस्ता हाये. तुह्या घरी गाडी हाये. मले तिसरा रस्ता दाखव."

निरांजनाचं ताट तिच्या हातात होतं आणि ती ते खाली ठेवत नव्हती. ओवाळणी घातल्याशिवाय बहिणीच्या हातातलं ताट खाली येत नाही, हे काय भाऊंना सांगायला हवं होतं? "आखाजी झाली का दुसऱ्या दिशी निंघू," ते म्हणाले. "माहा शब्द हाये." तेव्हा कुठे ताट खाली आलं.

तो हिवाळा मला अजून वासांसकट आठवतो. रस्ता कसा, कुठून, हे कापसाच्या गाड्या घेऊन वऱ्हाडात जाणाऱ्या ट्रकवाल्यांना विचारून भाऊंनी पाठ केलं, त्यांच्याकडून मी केलं आणि माझ्याकडून मायनं. नशिराबाद, भुसावळ, वरणगाव, एदलाबाद, मलकापूर, नांदुरा, खामगाव, बाळापूर, अकोला, पुढे यवतमाळ, वणी, वरोरा, चांदा. माय जात्यावर बसली की ओव्यांऐवजी हीच नावं म्हणायची. दादर ज्वारीचं पीठ गळत असायचं आणि तिची गाडी नांदुऱ्याला पोचलेली असायची. माझी माय भुसावळच्या पुढे कधी गेली नव्हती. पण बाळापूरला नदी लागते, हे ती शेजारणींना अशा थाटात सांगायची की त्या नदीवर तिनंच धुणं धुतलं असावं.

आबांचं या बेतातलं खातं केळ्यांचं होतं. "केयी संग पाह्यजे. रस्त्यानं काय भेटीन, न भेटीन." त्यांनी घड निवडून ठेवले होते. एक असा की निघताना पिकलेला, दुसरा अकोल्यात पिकेल, तिसरा चांद्यात. फळावर बोट टेकवून ते सांगायचे, हे कधी खायचं. चाळीस वर्षं केळी पिकवलेला माणूस, त्यांच्या बोटाला आम्ही कधी आव्हान दिलं नाही. पुढचं आत्ताच सांगून टाकते. ताडपत्रीखालच्या त्या भट्टीत तिन्ही घड पहिल्याच दुपारी एकदम पिकले. खामगावपासून पुढे जो भेटेल त्याला आम्ही केळी वाटत गेलो.

आखाजीला भाऊ स्वतः मुऱ्हाळी होऊन आत्याला आणायला गेले. सासरच्या दारात जीप उभी राहिली तेव्हा तिची सासू म्हणे गाडीभोवती एक फेरी मारून आली, पण गाडी कशासाठी तयार होतेय हे कुणी सांगितलं नाही. माहेरी आलेल्या लेकीला परस्पर भलतीकडे न्यायचं नसतं. विचारलं असतं तर नाहीच म्हणाले असते, म्हणून विचारलंच नाही. जायचं ते आखाजीच्या दिवसांत आणि परतायचं पौर्णिमेच्या आत. एवढीच फट होती.

आणि इथेच आम्ही चुकलो. ही चूक खानदेशाबाहेरचं माणूस करणार नाही, कारण त्याला ती करताच येणार नाही. आखाजीला आमच्याकडे बायका झोक्यावर बसतात आणि पुरुष पत्त्यांवर. वर्षभर पत्त्याला न शिवणारा माणूसही त्या दिवसांत मांडी घालतो; कुणी नावं ठेवत नाही, बायको रागावत नाही. पारावर, गोठ्यात, मळ्यात, जिथे सावली तिथे डाव. तो आखाजीच्या आधी सुरू होतो आणि कधी संपतो ते खेळणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. दिवाळीपासून आम्ही पेट्रोलच्या डब्यांचा विचार केला, टायरचा केला, बाळापूरच्या नदीचा केला. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी खानदेशातला एकही पुरुष पत्त्यावरून उठत नाही, हे मात्र एकाही शहाण्याला सुचलं नाही.

आखाजीचा दिवस छान गेला. खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, सांजोऱ्या. आत्या झोक्यावर उभी राहिली की फांदी कुरकुरायची आणि छागलीतून आमच्यावर शिंतोडे उडायचे. दुसऱ्या दिवशी उजाडताच गाडी भरली. पुढे छागल टांगली, मागे वळकट्या, केळी, पेट्रोलचे डबे. आत्यानं केस घट्ट बांधले होते आणि पदर कमरेला खोचला होता. भाऊ आदल्या रात्रीपासून पारावरच डावात होते.

"जाय, भाऊले सांग, गाडी तयार हाये," आत्या मला म्हणाली.

मी गेले. भाऊंनी पानांवरून नजर न काढता म्हटलं, "येवढा डाव."

ऊन अंगणात आलं. मी पुन्हा गेले. "आलोच," भाऊ म्हणाले. आवाज घोगरा झाला होता, डोळे लाल होते. ऊन जोत्यावर चढलं. मायनं ठेच्याचा डबा सावलीत सरकवला. तिसऱ्यांदा गेले तेव्हा ते म्हणाले, "आता ऊन झालं. संध्याकायी निंघू, सांग तिले."

मी परत येऊन सांगितलं. मला रडूच येत होतं. आत्या जीपच्या पायरीवर बसली होती. तिनं ऐकलं आणि खोचलेला पदर पुन्हा घट्ट खोचला. ही संध्याकाळ म्हणजे पुढची आखाजी, हे तिला कळत होतं. मलाही कळत होतं. लिंबाखाली पोरींचा झोका सुरू झाला होता आणि गाणं इकडे ऐकू येत होतं.

मग ती उठली, गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला गेली आणि स्टेअरिंगसमोर बसली.

हे सांगायला हवं की तिला गाडी येत होती. आदल्या दोन आखाज्यांना भाऊंनीच गमतीनं शिकवली होती. "झोक्याचं वय गेलं तुह्यं, हे हाक," म्हणून रिकाम्या खळ्यात बसवलं होतं. खळ्यात ती गोल गोल फिरायची, आम्ही टाळ्या वाजवायचो, कोंबड्या उडायच्या. गोल सोडून सरळ तिनं गाडी कधी नेली नव्हती.

"काय करता हो?" माय पुढे आली.

"हिले चाबी नाही, वहिनी," आत्या म्हणाली. "कोनाले मागाचं काम नाही."

तिनं खटका फिरवला, बटण दाबलं. गाडी नुसती खोकली. पुन्हा दाबलं, पुन्हा खोकली. झोक्यावरचं गाणं थांबलं. तेवढ्यात गोठ्यातून आबा आले. सत्तरी ओलांडलेले आबा. त्यांनी जन्मात पत्त्याला हात लावला नव्हता, आखाजीलाही नाही. त्यांनी गाडीकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. मला वाटलं, आता उतरवतात. त्यांनी वाकून सीटखालचं हँडल काढलं, पुढे गेले, पाय रोवला आणि हिसका दिला. गाडी सुरू झाली.

हँडल जागेवर ठेवून ते आत्याच्या शेजारी चढले. "मानूस पाह्यजे ना संग. लोकाईले दाखवाले," म्हणाले आणि पागोटं नीट केलं.

माय अंगणात उभी होती. तिनं एकदा चुलीकडे पाहिलं, एकदा पाराच्या दिशेला. मग मागे चढली आणि मला हात देऊन वर ओढलं. माझ्या आईनं आयुष्यात स्वतःचा म्हणून घेतलेला तो पहिला निर्णय, आणि तो घेताना तिच्या मांडीवर ठेच्याचा डबा होता.

पारावरूनच जायचं होतं, दुसरी वाट नव्हती. जीप पाराशी आली तेव्हा सगळ्या माना एकदम वर झाल्या. भाऊ हातातल्या पानांसकट उभे राहिले. आत्यानं गाडी थांबवली नाही, कारण थांबवलेली पुन्हा सुरू होईल याची तिला खात्री नव्हती. ती नुसती ओरडली, "चालू दे तुहा डाव!" मी मागे वळून पाहत होते. भाऊ उभेच होते, मग हळूहळू खाली बसले. हातात फार चांगली पानं आली होती, असं ते पुढे जन्मभर सांगत राहिले.

नशिराबादेवरून मोठ्या सडकेला लागलो. मायच्या जात्यावरची गावं एकामागून एक खरी होत गेली. प्रत्येक गाव आलं की ती पुटपुटायची, "हे पाह्य, वरणगाव. म्हनलं व्हतं ना?" बाभळी, पळस, वाळलेले नाले, रस्त्याच्या कडेला रसवंतीची घुंगरं. छागलीतलं पाणी इतकं गार की दातांना कळ लागायची, आणि त्याला कापडाची चव होती. मलकापूरच्या अलीकडे इंजिन तापून वाफा निघाल्या, तेव्हा आत्यानं अर्धी छागल त्यालाच पाजली. बाळापूरची नदी आली तेव्हा नदीत पाणीच नव्हतं. त्यानं मायचा झालेला अपमान मी कधी विसरणार नाही. जिथे मुक्काम केला तिथली माणसं आधी आबांना विचारायची, "डायवर कुठंय?" आबा आत्याकडे बोट दाखवायचे आणि केळं पुढे करायचे.

चांद्याला मामा भेटला. त्याला धक्का बसायचा तो बसला, पण जंगलाची वाट त्यानं दाखवली. तळ्याच्या काठाला झाडाखाली गाडी उभी केली तेव्हा उन्हं कलली होती. मोहाच्या फुलांचा आंबूस, गोड वास होता. आबांना गार वाऱ्यानं लगेच झोप लागली. आम्ही बसून राहिलो. माकडं खेकसली आणि एकाएकी सगळं गप्प झालं.

तो कुठून आला ते कळलंच नाही. आधी नव्हता, मग होता. आमचा बैल हौदावर येतो तसा सावकाश पाण्याशी आला, वाकला आणि प्यायला लागला. जिभेचा आवाज इथपर्यंत येत होता. मायनं एका हातानं डबा आणि दुसऱ्यानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडीचा वळ उठला. आबांना उठवायचं कुणाला सुचलं नाही. ताडोब्यात वाघबिघ काही नाही, सगळ्या बाता आहेत, असं मग ते मरेपर्यंत सांगत होते.

वाघ पाणी प्यायला, मान वर करून आमच्याकडे पाहिलं, आणि वळून आला तसा निघून गेला. घाई नाही, काही नाही. आत्याचे हात अजून स्टेअरिंगवर होते. ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "याले कोनी इचारत नसीन, कुठी गेलता म्हनून."

पौर्णिमेच्या आत आम्ही परत आलो. भाऊ खळ्यात उभे होते. रागावले नाहीत, माफीही मागितली नाही. गाडीभोवती फिरून म्हणाले, "नीट चालली ना गाडी?"

"गाडी चांगली हाये," आत्या म्हणाली. "मालक तेवढा बदलाले पाह्यजे." आणि मग दोघं भावंडं तिथेच हसत सुटली. इतकी, की दोघांच्याही डोळ्यांना पाणी आलं.

तिला सासरी पोचवायला सोबत म्हणून मी गेले होते. जळगावहून रेल्वेनं नरडाणा, तिथून बैलगाडी. दारात पाय धुताना सासूनं विचारलं, "आखाजीले काय काय करं वं?"

मी आत्याकडे पाहिलं. तिच्या तळहातांना स्टेअरिंगचे घट्टे पडले होते, चेहरा उन्हानं रापला होता. तिनं तांब्या खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं आणि शांतपणे म्हणाली, "काय करसू? झोका खेयनू. बठ्ठा दिन झोका." बठ्ठा म्हणजे सगळा.

"बरं शे," सासू म्हणाली. "पोर माहेरले झोका नही खेयी, ते कोठे खेयी?"

आत्या पुन्हा कधी स्टेअरिंगसमोर बसली नाही. पुढच्या आखाजीच्या आत भाऊंनी जीप विकली. आत्याला जाऊनही आता खूप वर्षं झाली. नरडाण्याच्या बाजूला तिचं नाव काढलं की लोक म्हणतात, फार साधी बाई होती, घर सोडून कुठे गेली नाही. मी ऐकून घेते. हसू येतं ते पदराआड लपवते.

छागल मी लिंबाला टांगली. लिंब नवा आहे, जुना केव्हाच पडला. गळता गळता आज सकाळी ती गळायची थांबली. ऋतानं गाडी धुतली आहे. मायची गावं मी तिला पाठ करून दाखवली, तर म्हणाली, "आजी, फोन सांगतो रस्ता." सांगू दे बापडा. मी माझी म्हणत राहीन.

आत्ताच मुलाचा पुण्याहून फोन येऊन गेला. गुडघे कसे आहेत, गोळ्या घेतेस ना, उन्हात फिरू नकोस. मग म्हणाला, "दिवसभर काय करतेस गं तिथे?"

ऋता गाडीत बसून माझ्याकडे बघत होती. मी छागलीचं बूच घट्ट लावलं.

"काही नाही रे," मी म्हटलं. "आखाजी ना. झोके घेते."